कर्ता आणि भोक्ता

माणसाने एखादी अपायकारक वस्तू स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने आणि केवळ स्वतःपुरती तयार केली, तर त्या कृतीत काही नैतिक प्रश्न उरतो काय? येथे विकणारा नाही, विकत घेणारा नाही, कोणी कोणाला फसविलेले नाही. कर्ताही तोच आणि भोक्ताही तोच. आपल्याकडील तत्त्वचर्चेत हे दोन शब्द जीवाच्या कर्मबंधनासंबंधी येतात. प्रस्तुत लेखात ते अगदी व्यावहारिक अर्थाने घ्यावयाचे आहेत. निमित्त आहे ते घरी जुळविलेल्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे.

या वस्तूची रचना मुळात साधी आहे. एक सेल, रोधक तारेचे लहानसे वेटोळे, त्यात ओवलेला कापसाचा पिळा, कापसात मुरणारा ग्लिसरीनयुक्त द्रव आणि ओढण्यासाठी नळी. तार तापते, द्रवाची वाफ होते, ती वाफ छातीत जाते. जळत काहीच नाही. त्यामुळे राख नाही, डांबर नाही आणि विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. निकोटिन मात्र आहे, आणि त्यासाठीच तर हा सारा खटाटोप. धूर नसलेल्या सिगारेटची कल्पना हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकी गृहस्थाने १९६३ मध्येच पेटंटासाठी मांडली होती, पण ती बाजारात रुजली नाही. आज जी वस्तू जगभर पसरली आहे तिचे मूळ चीनमधील हान लिक या औषधशास्त्रज्ञाकडे, २००३ च्या सुमारास जाते. हा मनुष्य स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेला होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. म्हणजे या वस्तूच्या उगमापाशीसुद्धा कर्ता आणि भोक्ता एकच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने या वस्तूचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. उत्पादन किंवा विक्रीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी पूर्ण वस्तूवर आहे तशी तिच्या भागांवरही आहे. या सबंध यादीत एक क्रियापद मात्र नाही: ओढणे. वापरणाऱ्याला कायद्याने अपराधी मानलेले नाही, कारण कायद्याच्या डोळ्यांपुढे दोन माणसे आहेत. एक नफा कमावणारा, दुसरा बळी पडणारा. पहिल्याला शिक्षा, दुसऱ्याला अभय. ही विभागणी समंजस आहे. परंतु ही दोन्ही माणसे एकाच सदऱ्यात उभी राहिली म्हणजे काय होते? चोरट्या मार्गाने आलेली वस्तू ओढणारा सुटतो आणि स्वतःच्या हाताने बनवून ओढणारा उत्पादक ठरतो. कायदा करणाऱ्यांना हे अभिप्रेत नसावे. पण शब्दांचा अर्थ तसा होतो खरा.

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ उज्जैनमध्ये फ्रीगंजच्या मागल्या अंगास राहतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आणि येथेच रुजलेल्या मराठी घरांपैकी त्यांचे घर. उज्जैन एके काळी कापडगिरण्यांचे गाव होते. त्या काळात दादा एका गिरणीत फिटर होते. गिरण्या बंद पडल्या, हातातले कसब राहिले आणि रात्रपाळीत लागलेली विडीही राहिली. पुढे छाती बोलू लागली. विडी सोडण्याचे तीन प्रयत्न झाले, तिन्ही फसले. तेव्हा त्यांनी टाकाऊ वस्तूंतून सेल काढला, तार मिळविली, जुन्या पेनाच्या नळीपासून तोंडी लावायचा भाग केला आणि गिरणीतल्या माणसाला शोभेल असे एक नेटके यंत्र सिद्ध केले. चार महिन्यांत विडी दिवसाला दोन-तीनांवर आली. हे सांगताना त्यांच्या मुद्रेवर जो अभिमान होता तो व्यसनी माणसाचा नव्हता, कारागिराचा होता. आणि मग त्यांनी विचारले, "हातानं केलं, कोणाला पैसा दिला नाही, कोणाच्या तोंडावर धूर सोडला नाही. आता यात कोणाचं काय गेलं, सांगा?"

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही, आणि 'कायद्याने मनाई आहे' हे त्याचे उत्तर नव्हे. दादांचा प्रश्न कायद्याच्या अलीकडचा आहे.

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट मांडणी जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मधील स्वातंत्र्यविषयक ग्रंथात केली. दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने माणसाच्या कृतीत हात घालावा; केवळ त्याचे स्वतःचे हित हे त्यासाठी पुरेसे कारण नाही, असा त्याचा सिद्धान्त. वरकरणी दादांच्या बाजूने याहून मोठा साक्षीदार मिळणार नाही. पण मिलचे नाव घेणारे बहुधा त्याच ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणापर्यंत जात नाहीत. तेथे तो विषाच्या विक्रीचा प्रश्न घेतो. विष विकण्यास बंदी नको, पण कुपीवर धोक्याची सूचना हवी, आणि कोणी किती व कशासाठी नेले याची नोंदही ठेवता येईल, असे तो म्हणतो. म्हणजे माणसाने धोका पत्करावा, पण तो जाणून पत्करावा. त्याच प्रकरणात पुढे तो आणखी एक मर्यादा घालतो. माणसाला स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य असू शकत नाही. कारण त्या एका व्यवहारानंतर स्वातंत्र्यच उरत नाही. मिलने हा विचार व्यसनाला लावलेला नाही. पण विडीच्या तलफेने पहाटे तीन वाजता उठणाऱ्या माणसाला पाहिले म्हणजे तो लावावासा वाटतो. स्वतःपुरते यंत्र करणारा हा माणूस नेमका कोणासाठी ते करतो आहे? स्वतःसाठी, की आपल्यात घर करून बसलेल्या मागणाऱ्यासाठी?

येथे आपल्याकडील एक जुना दाखला आठवतो, आणि तो या विषयाला फारच जवळचा आहे. तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आली. धूमपान मात्र तिच्या कितीतरी आधीचे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात घरच्या घरी धूमवर्ती करण्याचा विधी दिलेला आहे. सुगंधी वनस्पती वाटून बोरूच्या काडीवर लेप द्यावा, वाळल्यावर काडी काढून घ्यावी, वर्तीला तूप लावून ती नळीत बसवावी आणि पेटवावी. नळी किती अंगुळे लांब असावी, तिला किती सांधे असावेत, छिद्र केवढे असावे, हे सर्व सांगितले आहे. सांध्यांमुळे धूर मंदावतो, दुरून येतो आणि इंद्रियांना बाधत नाही, असे कारणही दिले आहे. दिवसातील कोणत्या वेळी धूम घ्यावा, तो तोंडावाटेच का सोडावा, शोकाकुल, थकलेल्या, जागरण झालेल्या माणसाने आणि गर्भवतीने तो का घेऊ नये, अतिरेक झाल्यास कोणते विकार होतात, हेही तेथे आहे. या अध्यायाचे नाव 'मात्राशितीय', मापाने खाणाऱ्याविषयीचा. तो धूर निर्दोष होता असे मला म्हणावयाचे नाही. आजच्या वैद्यकाच्या कसोटीवर कोणताच धूर निर्दोष ठरणार नाही. लक्ष वेधावयाचे ते एवढ्याकडे की तेथेही करणारा आणि घेणारा बहुधा एकाच घरातला असे, तरी चरकाने त्याला मोकळे सोडलेले नाही. कर्त्याची जबाबदारी नळीच्या लांबीतच घालून दिलेली आहे.

दादांच्या यंत्रात नेमके हेच नाही. आणि हा दोष त्यांच्या कसबाचा नव्हे. तारेचे वेटोळे त्यांनी सुरेख घातले आहे. पण द्रव? तो एका ओळखीच्या मुलाने दिल्लीहून आणून दिलेला. कुपीवर चिठ्ठी नाही. त्यात निकोटिन किती, सुवासासाठी काय घातले आहे, हे दादांना ठाऊक नाही, मुलालाही नाही, आणि ज्याने त्या मुलाला ती कुपी दिली त्याला तरी ठाऊक असेल काय? सेल कोणत्या जुन्या यंत्रातून निघाला आणि किती झिजला आहे, तेही माहीत नाही. लिथियमचा सेल बिघडला म्हणजे नुसता विझत नाही, पेटतो. तेव्हा 'मी हाताने केले' हे विधान अर्धेच खरे आहे. हाताने केले ते कवच. त्याच्या आत जे शरीरात जाते ते अनामिक माणसांनी केलेले आहे, आणि ती माणसे कोणालाही जबाब देण्यास बांधलेली नाहीत.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत २०१९ च्या उन्हाळ्यात वाफ ओढणाऱ्या तरुणांची फुप्फुसे एकाएकी निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ मृत्यू झाले. शोध घेता असे दिसले की बहुतेकांनी गांजातील मादक द्रव्य असलेल्या कुप्या ओळखीपाळखीच्या, अनौपचारिक मार्गांनी मिळविल्या होत्या, आणि द्रव दाट दिसावा म्हणून त्यांत ई जीवनसत्त्वाचे एक तैलरूप मिसळलेले होते. ते त्वचेला लावले, पोटात गेले तर बाधत नाही. तापून फुप्फुसात गेले की बाधते. ज्याने ते मिसळले त्याने खून करण्याच्या इराद्याने मिसळले नसेल. त्याने फक्त तपासून पाहिले नाही.

तपासून पाहण्याचा हाच मुद्दा चारशे वर्षांपूर्वी मोगल दरबारात निघाला होता. अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या आदिलशाहीत गेला असता त्याने तेथे तंबाखू पाहिली. उत्तरेत ती तोवर त्याच्या पाहण्यात नव्हती. सन १६०४ च्या सुमारास परत जाताना त्याने ती बरोबर नेली, रत्नजडित नळी मुद्दाम सजवून बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकीम आडवा आला. असद बेगचे म्हणणे असे की जगातली प्रत्येक रीत कधी तरी नवीच होती. हकिमाचे म्हणणे असे की आपल्या शहाण्यांनी पारखलेले नाही ते परक्यांच्या भरवशावर घेऊ नये. अकबराने वाद कौतुकाने ऐकला आणि पुढे ती सवय लावून घेतली नाही. दरबारी मात्र लावून बसले, व्यापाऱ्यांनी माल आणला, आणि १६१७ मध्ये जहांगिराला बंदीचे फर्मान काढावे लागले. त्या फर्मानाचे काय झाले हे सांगण्याची गरज नाही. असद बेगचा युक्तिवाद आजही चमकदार वाटतो, हकिमाचा नीरस. मला वयोमानाने हकीम अधिक पटू लागला आहे.

आता दुसरी बाजू. ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या व्यवस्थेने दादांच्या यंत्राला बंदी केली, तिची स्वतःची स्थिती काय आहे? मध्य प्रदेशात तेंदूपानांचा व्यापार १९६४ च्या कायद्याने सरकारच्या हाती आहे. विडीचे पान सरकारच गोळा करविते आणि विकते. सिगारेटच्या सर्वांत मोठ्या देशी कंपनीत, आयटीसीमध्ये, आयुर्विमा महामंडळाची मोठी गुंतवणूक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. सागरपासून सिन्नर, सोलापूर, निपाणीपर्यंत हजारो बायका घरच्या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. घरी केलेली विडी कायदेशीर आहे, कारण ती दुसऱ्याला विकण्यासाठी केलेली आहे! देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे २०१६-१७ च्या पाहणीत आढळले. त्यांतील बहुतेकांना जे मिळते ते राजरोस मिळते.

गुटख्याची कथा याहून बोलकी आहे. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद केला, महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत. लगेच पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी टांगली जाऊ लागली. गिऱ्हाईक दोन्ही फोडते, तळहातावर एकत्र करते आणि तोंडात टाकते. गुटखा आता कोणी बनवीत नाही. तो तळहातावर बनतो. कारखानदार सुटला आणि गिऱ्हाईक उत्पादक झाले. कर्ता आणि भोक्ता एक होण्याचा हा प्रकार मात्र कोणाच्या स्वातंत्र्याचा विजय नव्हे. दुसऱ्याने आपली जबाबदारी अलगद आपल्या हातावर ठेवली आणि आपण मूठ मिटली, इतकेच. दादांच्या यंत्राकडे पाहताना मला हा तळहात सारखा दिसत राहतो.

व्यवस्थेतील ही विसंगती उघड आहे, पण तिच्यावरून दादांचा प्रश्न सुटत नाही. सरकार विडीचे पान विकते, म्हणून अनोळखी कुपीतला द्रव शुद्ध होत नाही.

उज्जैनकराला मादक पदार्थांविषयी एकांगी बोलणे जमणार नाही, हेही खरे. येथे महाकालाचा भांगेचा शृंगार होतो, भैरवगडच्या काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखविला जातो, सिंहस्थात क्षिप्रेच्या काठी चिलमी पेटतात. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन महापालिकेच्या हद्दीतील दारूची दुकाने बंद झाली. येथेही बंदी विक्रीवर आहे, घरात बसून पिण्यावर नाही. बाहेरच्या माणसाला या सगळ्यात ढोंग दिसते. मला त्यात एक जुनी समज दिसते. नशेची वस्तू येथे स्थळ, काळ आणि विधी यांच्या चौकटीत बसविली होती. आपण चौकट मोडली आणि वस्तू तेवढी ठेवली. चिलीम हातोहात फिरते, निदान पाच माणसांच्या देखत ओढली जाते. दादांचे यंत्र खिशात असते आणि त्याला कोणतीही वेळ चालते. राखेचा ढीग दिसत नाही, थोटके मोजता येत नाहीत. विडी मोजता येई.

मग दादांना काय सांगावे? येथे मला दोन कर्तव्ये एकमेकांसमोर उभी दिसतात. यंत्र टाका म्हणावे तर ते उद्या पुन्हा विडीवर जातील, आणि विडी काय करते याविषयी आता शंका उरलेली नाही. निकोटिनच्या वाफेने सिगारेट सुटण्यास मदत होते, गोळ्या-पट्ट्यांपेक्षा अधिक होते, असे कॉक्रेन या संस्थेच्या अलीकडच्या आढाव्यांत ठामपणे म्हटले आहे. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांना ही साधने सरकारी योजनेतून दिली गेली. उलट आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली. कोवळ्या मुलांना नवे व्यसन लागेल ही त्यामागची भीती, आणि ती खोटी म्हणवत नाही. आंब्याच्या वासाची वाफ साठीच्या माणसासाठी बनत नाही. पण ज्याची छाती आधीच भरली आहे त्याच्यासाठी या धोरणात विडी आणि संपूर्ण त्याग यांच्या मधली पायरी फार अरुंद ठेवली आहे. दोन मिलिग्रॅमचे निकोटिनचे च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळते, तंबाखू सोडण्यासाठी २०१६ पासून राष्ट्रीय दूरध्वनी साहाय्य आहे; दादांना यांतले एकही कोणी सांगितले नव्हते. मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

आणखी एक गोष्ट मी सांगितली, आणि तिचा परिणाम तत्त्वचर्चेपेक्षा अधिक झाला. दादांचे घर दोन खोल्यांचे. ती कुपी कपाटाच्या खालच्या फळीवर, साखरेच्या डब्याशेजारी होती. घरात सात वर्षांची नात आहे. निकोटिनचा द्रव मुलाच्या पोटात गेला तर थोड्यानेही जीव धोक्यात येतो, आणि या द्रवाला आंब्याचा वास होता. 'स्वतःपुरते' हा शब्द ज्या एकट्या माणसाला गृहीत धरतो, तो माणूस मिलच्या पुस्तकात भेटतो. आपल्या वाड्यांत आणि चाळींत तो क्वचितच राहतो. चरकाने जाणूनबुजून होणाऱ्या चुकीला प्रज्ञापराध म्हटले आहे: बुद्धी, धैर्य आणि स्मृती यांपैकी काहीतरी ढळले म्हणजे तो घडतो. दादांची बुद्धी शाबूत आहे, धैर्य तर चार महिन्यांत दिसलेच. कुपी कोठे ठेवली याचे स्मरण तेवढे नव्हते. कुपी त्याच दिवशी वरच्या माळ्यावर, कुलपात गेली.

माझे मत विचाराल तर ते असे. दादांनी विडीपासून सुटण्यासाठी जे केले त्यात मला पाप दिसत नाही. त्यांनी ते ज्या रीतीने केले ती रीत मला मान्य नाही, आणि त्यांना दुसरी रीत उरू न देणाऱ्यांवर त्याचा काही भार आहे. २०१९ च्या कायद्याची व्याख्या नीट वाचली तर तिच्यात एक अपवाद सापडतो: १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेली वस्तू या बंदीत येत नाही. म्हणजे दार भिंतीतच ठेवलेले आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून ही साधने पानाच्या ठेल्यासारख्या दुकानांतून काढून केवळ औषधविक्रेत्याच्या कपाटात नेली; निकोटिनचे प्रमाण ठरलेले, सुवास मोजके, आणि समोर सल्ला देणारा माणूस. त्या प्रयोगातही चोरटा बाजार राहिलाच आहे, त्याची भलामण करण्याचे कारण नाही. पण तेथे कुपीवर चिठ्ठी असते, तिच्यावर आकडा असतो, आणि आकडा चुकला तर कोणाला विचारावयाचे ते ठाऊक असते. दादांच्या हाताला वेटोळे घालता येते. तो आकडा मात्र कोणत्याही फिटरला घरात बसून काढता येणार नाही.